झेला, उतारा आणि वापरणारा माणूस

(रत्नागिरी येथे शासकीय कर्मचारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



हापूस आंबा झाडावरून देठासह उतरवावा, ही गोष्ट रत्नागिरी जिल्ह्यातील बागायतदारास कोणी नव्याने सांगावयास नको. देठ फळालगत तुटला म्हणजे चीक सालीवर ओघळतो, ओघळ सुकला की तेथे काळा डाग पडतो आणि डागाळलेल्या फळाला बाजारात भाव येत नाही. शिवाय तुटलेल्या जागेतून कुजीचा शिरकाव होतो तो वेगळाच. दोन-तीन सेंटिमीटर देठ राखला तर यांतील बरेच नुकसान टळते. हा सल्ला पत्रकांतून व शेतकरी मेळाव्यांतून वारंवार दिला गेला आणि ऐकणाऱ्यांस तो पटतही होता. परंतु हातात जुना झेला असलेल्या गड्याने तो पाळावयाचा कसा? लांब बांबूच्या टोकाला कडे आणि त्याला जाळी. फळ कड्यात घ्यावयाचे आणि हिसका द्यावयाचा. हिसक्याने देठ नेमका कोठे तुटावा, हे ठरविणे त्याच्या हाती नव्हते. मान वर, डोळ्यांवर ऊन, पाय फांदीवर आणि संध्याकाळपर्यंत पेट्या भरण्याची घाई, अशा स्थितीत माणूस पत्रकातील सूचना आठवीत नाही. अवजार जसे चालते तसा तो चालतो.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने (१९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला पुढे डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव देण्यात आले) ‘नूतन’ झेला तयार केला, तो या अडचणीवरचा उपाय होय. त्यात देठ कापणारे पाते बसविलेले असते. देठ खाचेत आला आणि झेला ओढला की तो कापला जातो व फळ देठासह जाळीत उतरते. सल्ला तोच राहिला. मात्र तो पत्रकातून निघून अवजारात गेला. आता बागेत कामाला आलेला मनुष्य नेपाळातून आलेला असो, त्यास मराठी वाचता येवो अथवा न येवो, देठ राखला जातो.

आज ज्या विषयास ‘यूजर एक्सपीरियन्स डिझाइन’ असे भारदस्त नाव मिळाले आहे, त्याचे मूळ एवढेच आहे. वस्तू, कागद, खिडकीवरील व्यवस्था किंवा भ्रमणध्वनीवरील ॲप जो वापरतो, त्यास ती वापरताना काय घडते याचा आधी शोध घ्यावयाचा आणि मग रचना करावयाची. अमेरिकेतील डोनाल्ड नॉर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९८८ साली रोजच्या वापरातील वस्तूंच्या मानसशास्त्रावर एक पुस्तक लिहिले. दार ढकलावयाचे की ओढावयाचे, हे दारावर लिहून सांगावे लागत असेल तर चूक दार उघडणाऱ्याची नसून दार करणाऱ्याची आहे, अशा तऱ्हेचा विचार त्यात मांडलेला आहे. पुढे १९९० नंतरच्या दशकात ॲपल कंपनीत काम करताना नॉर्मन यांनी ‘यूजर एक्सपीरियन्स’ ही संज्ञा रूढ केली. संज्ञा नवी असली तरी दृष्टी नवी नाही. १९५८ साली चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला एक अहवाल सादर केला. भारतात पाहिलेल्या वस्तूंमध्ये सर्वांत सुंदर म्हणून त्यांनी कशाची निवड केली असेल, तर साध्या लोट्याची. हातात, कमरेवर वा डोक्यावर तो कसा बसतो, भरलेला असताना तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, आतून घासता येतो की नाही, असे अनेक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने सोडविले आणि त्यातून तो आकार सिद्ध झाला, असे त्यांचे प्रतिपादन होते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या स्थापनेस हा अहवाल कारणीभूत झाला. महाराष्ट्रात १९६९ साली मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ‘इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर’ सुरू झाले. त्या केंद्रातील अध्यापकांनी ज्याचे बाह्य रूप आखले, ते एक यंत्र येथे उपस्थित असलेल्या प्रत्येकाने हाताळलेले आहे: मतदान यंत्र.

त्या यंत्राकडे एकदा वापरणाऱ्याच्या नजरेने पाहावे. नाव वाचता न येणाऱ्यासाठी चिन्ह आहे. चिन्हासमोर एकच निळे बटण आहे. ते दाबताच त्याच ओळीतील लाल दिवा लागतो आणि मोठा आवाज होतो. म्हणजे मत नोंदले गेले हे डोळ्यालाही कळते आणि कानालाही. दिसत नसलेल्या मतदारासाठी बटणाच्या बाजूस ब्रेल अंक आहेत. एक मत झाल्यावर मतदान अधिकाऱ्याने पुढची संधी दिल्याशिवाय यंत्र दुसरे मत घेत नाही. त्यामुळे भांबावून दोनदा बटण दाबणाऱ्याच्या हातूनही घोटाळा होत नाही. ज्या देशात कोट्यवधी मतदार एका दिवसात प्रशिक्षणाशिवाय हे यंत्र वापरतात, तेथे यापेक्षा अधिक कळा असलेले यंत्र टिकले नसते.

सातबारा कोण वाचतो?

परंतु रत्नागिरी जिल्ह्यात मतदानापेक्षाही अधिक वेळा ज्या वस्तूशी माणसाची गाठ पडते, ती म्हणजे सातबाराचा उतारा. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही; दोन्ही एका कागदावर आले आणि त्यांच्या क्रमांकांवरून लोकांनी कागदाला नाव दिले. पीककर्ज, फळपीक विमा, नुकसानभरपाई, खरेदीखत, वाटणी, घरबांधणी यांपैकी काहीही असो, पहिला प्रश्न सातबाराचा असतो.

हा कागद कोणासाठी आखला गेला? महसूल वसूल करणाऱ्या व्यवस्थेसाठी. त्यात वावगे असे काही नाही. ज्या काळात तो आखला गेला त्या काळी तो वाचणारा मुख्यतः तलाठी, मंडळ अधिकारी आणि फार तर वकील होता. आज तो वाचणारा निराळा आहे, आणि कोकणात तर तो फारच निराळा आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या. कमावता पुरुष मुंबईस असतो, हे त्याचे जुने कारण. म्हणजे उताऱ्यावर ज्यांची नावे आहेत त्यांपैकी अनेक जण लालबाग, डोंबिवली किंवा विरार येथे, काही जण हयात नाहीत, आणि प्रत्यक्ष कार्यालयाच्या पायरीवर उभी असते ती सासू, सून किंवा सत्तरीचा धाकटा भाऊ. जमीन तुकड्यातुकड्यांत विभागलेली. एकेका हिश्श्यावर वीस, तीस, चाळीस सहहिस्सेदारांची नावे. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, कुळकायद्याने कुळे मालक झाली, पण त्या स्थित्यंतराच्या खुणा फेरफारांच्या आकड्यांत अजून शिल्लक आहेत. अशा कागदातून ‘माझ्या नवऱ्याच्या हिश्श्याचे काय झाले?’ या एका प्रश्नाचे उत्तर त्या बाईस शोधावयाचे असते.

ज्याची रचना करावयाची त्याचा खरा वापरकर्ता कोण, तो कोणत्या ठिकाणी, कोणत्या घाईत आणि कोणता प्रश्न घेऊन येतो, हे ठरविल्याशिवाय रेघ मारू नये, हे या शास्त्रातील पहिले तत्त्व. ‘जनता’ हा वापरकर्ता नव्हे. ‘मुंबईत असलेल्या सहा सहहिस्सेदारांच्या वतीने आलेली, सातवीपर्यंत शिकलेली, चष्मा घरी विसरलेली साठ वर्षांची स्त्री’ हा वापरकर्ता होय. ज्याला अशी माणसे डोळ्यांपुढे आणता येतात, त्याचा अर्ज निम्मा आपोआप सुधारतो.

२०२० साली, सुमारे अर्धशतकानंतर, राज्य शासनाने सातबाराच्या नमुन्यात बदल केले. वरवर पाहता ते किरकोळ वाटतात आणि वृत्तपत्रांनीही त्यांची बातमी बदलांच्या यादीपलीकडे फारशी नेली नाही. वास्तविक या विषयाच्या विद्यार्थ्यास त्याहून चांगला धडा मराठीत सापडणे अवघड आहे.

कंसाचेच उदाहरण घ्यावे. खातेदार मयत झाला, त्याचे नाव कमी झाले, किंवा कर्जाचा बोजा फिटला की जुन्या पद्धतीत त्या नोंदीभोवती कंस केला जाई. महसूल खात्यात वावरणाऱ्यास कंसाचा अर्थ ठाऊक असतो. इतरांनी कंस पाहिलेला असतो तो शाळेत आणि पुस्तकात. गणितात कंस आधी सोडवावयाचा असतो, गद्यात कंसात अधिक माहिती असते. सातबारावर मात्र कंसातला माणूस गेलेला असतो! फिटलेले कर्ज कंसात पाहून ते अद्याप डोक्यावर आहे असे एखाद्यास वाटले, तर त्याच्या अज्ञानास हसता येणार नाही. नव्या नमुन्यात कंस ठेवून त्या नोंदीवर आडवी रेघ मारण्याची व्यवस्था झाली. खोडलेले ते गेलेले, हे समजण्यास कोणाचीही शिकवणी लागत नाही. वापरणाऱ्याच्या मनात आधीपासून असलेल्या अर्थाचा आधार घ्यावा आणि खात्यातील संकेत त्याच्यावर लादू नये, असा हा दुसरा धडा.

खाते क्रमांक पूर्वी खातेदारांच्या नावांपासून दूर, इतर हक्कांच्या रकान्याजवळ छापला जाई. तो आता नावासमोर आला. एका खात्यातील नावे संपून दुसऱ्या खात्याची सुरू कोठे होतात हे दाखविण्यासाठी मध्ये रेघ आली. ज्या गोष्टी एकमेकींशी संबंधित आहेत त्या जवळ ठेवाव्यात आणि ज्या भिन्न आहेत त्यांत अंतर पाडावे, हा दृष्टीचा नियम आहे. डोळा आधी जवळीक पाहतो आणि मग मजकूर वाचतो. चाळीस नावांच्या उताऱ्यात या एका रेघेने किती बोट फिरविणे वाचले असेल, याचा अंदाज करावा.

क्षेत्राची गोष्ट याहून नाजूक आहे. उताऱ्यावर हेक्टर आणि आर, लोकांच्या तोंडी एकर आणि गुंठे. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. म्हणजे व्यवहारापुरते आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच. पण हे माहीत नसणाऱ्यास ०.०४.५० हा आकडा काय सांगतो? चार की साडेचार, की चाळीस? दशांशचिन्ह समजून वाचावे तर एकाच आकड्यात दोन टिंबे कशी? नव्या नमुन्यात क्षेत्राचे एकक स्पष्ट लिहिले जाते; लागवडीयोग्य क्षेत्र निराळे, पोटखराबा निराळा आणि खाली दोहोंची बेरीज. कातळ आणि वरकस जमिनींच्या या जिल्ह्यात ही बेरीज महत्त्वाची आहे; कारण भावाभावांतील वादाचे मूळ पुष्कळदा ‘एकूण किती’ आणि ‘पिकाखाली किती’ या दोन आकड्यांच्या गल्लतीत असते.

आणखी एक बदल असा की, ज्या फेरफाराची नोंद झाली आहे पण प्रमाणन व्हावयाचे आहे, तो आता ‘प्रलंबित’ म्हणून उताऱ्यावर दिसतो, तसेच शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांकही दिसतो. नोंद घातल्यावर हितसंबंधितांस नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि नंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. कार्यालयाच्या दृष्टीने हे पंधरा दिवस म्हणजे नियमित कार्यवाही होय. अर्जदाराच्या दृष्टीने तो संपूर्ण काळोख असतो. अर्ज पोहोचला की नाही, कोणाच्या टेबलावर आहे, कोणी हरकत घेतली काय, काहीच कळत नाही. म्हणून तो एस.टी.चे भाडे खर्चून पुन्हा येतो आणि ‘अजून झाले नाही’ एवढे ऐकून परत जातो. मतदान यंत्राच्या लाल दिव्याचे काम येथे ‘प्रलंबित’ हा एक शब्द करतो. केलेल्या कृतीचे काय झाले हे त्या व्यक्तीस ताबडतोब आणि न विचारता कळावे, या तत्त्वाला ‘फीडबॅक’ म्हणतात. मराठीत त्यास ‘पोच’ हा अस्सल आणि जुना शब्द आहे, त्यापेक्षा चांगला शोधण्याची गरज नाही.

सर्व काही या नमुन्याने साधले असे मात्र नाही. संक्षेपांचाच प्रश्न पाहा. जुन्या उताऱ्यांवर ‘ए.कु.मॅ.’ आणि ‘अ.पा.क.’ अशी अक्षरे आढळतात. पहिल्याचा अर्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, दुसऱ्याचा अज्ञान पालनकर्ता. वडील वारल्यावर थोरल्या भावाचे नाव ‘ए.कु.मॅ.’ म्हणून लागले आणि धाकट्यांची नावे लागलीच नाहीत. पन्नास वर्षांनी थोरल्याच्या नातवास वाटते की जमीन आजोबांची एकट्याची होती. अज्ञान मुलगा सज्ञान होऊन, म्हातारा होऊन निवर्तला तरी त्याच्या नावापुढील पालनकर्ता तसाच राहिला. या तीन अक्षरांमागे दडलेल्या हक्कांवरून न्यायालयांत पिढ्या खर्ची पडल्या आहेत. २०२५ साली राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम हाती घेण्यात आली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावणे आणि पुढील टप्प्यात अशा कालबाह्य नोंदी दूर करणे हा तिचा उद्देश होता. संक्षेप लिहिणाऱ्याचे चार सेकंद वाचवितो आणि वाचणाऱ्यावर ते ओझे टाकतो. वाचणारा परका असेल तर संक्षेप टाळणे, एवढेच खरे.

आणि जागेचा अर्थ! उताऱ्यावर नाव आहे एवढ्याने भागत नाही. ते कोणत्या रकान्यात आहे हे पाहावे लागते. अनेक जुन्या उताऱ्यांत मुलांची नावे कब्जेदाराच्या रकान्यात आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींची ‘इतर हक्क’ या रकान्यात लिहिलेली आढळतात. बहिणीने उतारा पाहिला, आपले नाव वाचले आणि समाधानाने कागद परत दिला. रकान्याचा मथळा कोणता हे पाहण्याचे तिला सुचले नाही, सुचण्याचे कारणही नव्हते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीस मुलाच्या बरोबरीने सहदायिक हक्क मिळाला. कायदा बदलला तरी जुन्या कागदावरील जागा आपण होऊन बदलत नाही. महाराष्ट्रात १९९२ साली लक्ष्मीमुक्ती योजनेने पत्नीचे नाव पतीबरोबर सातबारावर लावण्याची वाट खुली केली होती. ती वाट किती जणींस ठाऊक आहे, हे गावोगावच्या उताऱ्यांवर नजर टाकली तरी उमगते. ज्या सोयीकडे जाणारी पायवाट दिसत नाही, ती सोय असून नसल्यासारखीच होय.

लिहिणाऱ्याची सोय आणि वाचणाऱ्याची सोय

या दोहोंत नेहमीच ओढाताण असते, आणि रत्नागिरीने तिचे एक जुने उदाहरण पाहिलेले आहे. १९२४ ते १९३७ या काळात येथे स्थानबद्ध असताना सावरकरांनी नागरी लिपिशुद्धीची चळवळ चालविली. निरनिराळ्या स्वरांसाठी निरनिराळी अक्षरे न ठेवता ‘अ’लाच काने-मात्रा-वेलांट्या लावाव्यात, म्हणजे छापखान्यातील खिळ्यांची संख्या घटेल, हा त्यातील एक विचार होता. जुळाऱ्याच्या दृष्टीने तो अगदी रास्त होता. वाचणाऱ्याच्या डोळ्याला मात्र ‘इ’ आणि ‘उ’ यांची ओळख पक्की झालेली होती आणि ती मोडावयास तो सर्वत्र तयार झाला नाही. पुढे संगणक आला आणि खिळ्यांची अडचणच संपली. र. कृ. जोशी यांनी आखलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक विंडोज प्रणालीबरोबर घरोघरच्या व कार्यालयांतील संगणकांवर पोहोचला. त्यामुळे आज मराठी अर्ज छापणे सोपे झाले आहे, इतके सोपे की जागा वाचविण्यासाठी अक्षर आठ पॉइंटांचे करण्याचा मोह कोणालाही होतो. तो आवरावा.

शब्दांचेही तसेच. शासन-व्यवहाराची मराठी घडविण्याचे काम भाषा संचालनालयाने मोठ्या परिश्रमाने केले आणि त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि पारिभाषिक शब्द टिप्पणीत शोभतो तो अर्जात शोभेलच असे नाही. ‘वारसा प्रकरणांची नोंदवही’, म्हणजे गाव नमुना सहा-क, हे नाव कार्यालयाने खुशाल ठेवावे. अर्जाच्या माथ्यावर मात्र ‘घरातील व्यक्ती वारल्यावर वारसांची नावे लावण्यासाठी’ असे लिहावे, आणि तीन महिन्यांच्या आत कळवावयाचे असते हेही तेथेच लिहावे. २०२४ साली तलाठ्यांचे पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ आणि ग्रामसेवकांचे ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे झाले. पदाचा मान वाढला, हे योग्यच झाले. पण वाडीवरून आलेली म्हातारी काही वर्षे तरी ‘तलाठी खंयसर बसतत?’ असेच विचारणार. तेव्हा दारावरील पाटीवर नव्या पदनामाखाली कंसात जुना शब्द राहू दिल्याने कोणाचा अधिकार उणावत नाही. (येथे कंस आपले खरे काम करतो.)

शिक्षकांच्या परिचयाचे एक उदाहरण. १ मे २०२४ व त्यानंतर जन्मलेल्या बालकांची नावे शासकीय दस्तऐवजांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाने लिहावयाची आहेत. ही मुले शाळेत येतील तेव्हा प्रवेश-अर्जात चार नावांची जागा असेल काय? तीन घरांच्या छापील अर्जात चौथे नाव कोपऱ्यात घुसविले जाईल, संगणकावर चढविताना ते गळेल, आणि त्या मुलाचा दाखला आणि आधारपत्र यांत जन्मभराची तफावत राहील. धोरण चांगले, पण ते अखेर कागदावरील अडीच इंचांत उतरावे लागते.

चूक होणारच, हे धरून

२०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणीचा प्रकल्प राज्यभर सुरू झाला आणि आपल्या शेतातील पिकाची नोंद भ्रमणध्वनीवरून शेतकऱ्याने स्वतः करावी, अशी व्यवस्था आली. गाव नमुना बाराची लेखणी प्रथमच कास्तकाराच्या हातात आली, हे मोठे स्थित्यंतर होय. पण लेखणीबरोबर चुकाही हाती येतात. चुकीचा हिस्सा निवडला जातो, क्षेत्र उलटसुलट पडते, भाताऐवजी दुसरेच पीक दाबले जाते. अशी चूक वेळीच दुरुस्त झाली नाही तर विमा किंवा भरपाईच्या वेळी ती त्याच्या मुळावर येते. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत शेतकऱ्यास ४८ तासांच्या आत आपली नोंद दुरुस्त करण्याची मुभा देण्यात आली आणि नोंदींपैकी १० टक्के नोंदींची पडताळणी तलाठ्यांकडे राहिली. दुरुस्तीची वाट ठेवणे म्हणजे ढिलाई नव्हे. परत फिरता येते हे ठाऊक असले म्हणजे माणूस धीटपणे पुढे जातो. एकदा दाबले की संपले, अशी भीती असेल तर तो फोन शेजारच्या मुलाच्या हातात देतो, आणि मग नोंद त्याची राहत नाही, त्या मुलाची होते.

सह्याद्रीच्या कुशीतील वाड्यांत भ्रमणध्वनीला रेंज मिळविण्यासाठी टेकाडावर जावे लागते, ही बाब शहरातील टेबलावर बसून सुचत नाही. ॲप आखणाऱ्याने आषाढातील पाऊस, ओले हात, एकच फोन असलेले घर आणि पडद्यावर उन्हात न दिसणारे फिके अक्षर, या सर्वांचा हिशेब धरला पाहिजे. तो धरला आहे की नाही हे कळण्याचा मार्ग एकच: त्या जागी जाऊन पाहणे.

पाहावे, सांगू नये

पाहण्याची रीत कठीण नाही, पण ती पाळणे कठीण आहे. समजा, ग्रामपंचायतीने पाणीपट्टीच्या नव्या जोडणीचा अर्ज तयार केला. छापखान्याकडे पाठविण्यापूर्वी त्याच्या चार-पाच प्रती काढाव्यात. ज्यांनी तो पूर्वी पाहिलेला नाही अशी पाच माणसे निवडावीत. त्यांत सरपंचांचे आप्त आणि निवृत्त गुरुजी नकोत. जेकब नील्सन या तज्ज्ञाचे म्हणणे असे की पहिल्या पाच माणसांतच बहुतेक मोठे दोष उघडे पडतात, आणि शंभर माणसांची एकच पाहणी करण्यापेक्षा पाच जणांची पाहणी, मग दुरुस्ती, पुन्हा पाच जणांची पाहणी, हा मार्ग अधिक फलदायी असतो. प्रत्येकास कागद द्यावा, ‘समजा तुम्हांला नळजोडणी घ्यावयाची आहे’ एवढेच सांगावे आणि गप्प बसावे.

गप्प बसणे हेच अवघड. समोरचा चुकीच्या रकान्यात लिहू लागला की अधिकाऱ्याचे आणि विशेषतः शिक्षकाचे बोट आपोआप पुढे जाते. ते मागे घ्यावे. उद्या तो मनुष्य घरी बसून अर्ज भरील तेव्हा ते बोट तेथे नसेल. ‘समजले का?’ असेही विचारू नये. कोकणातला माणूस भिडस्त. पुढ्यात साहेब असता तो ‘होय’च म्हणणार. त्याऐवजी काम सांगावे: या उताऱ्यात तुमच्या वडिलांचा खाते क्रमांक दाखवा, कर्ज फिटले की नाही ते सांगा, ही नोंद पक्की झाली आहे का ते पाहा. पेन कोठे थांबते, कोणत्या ओळीवर बोट दोनदा फिरते, कोठे तो मान वर करून पाहतो, याच्या खुणा आपल्या प्रतीवर कराव्यात. तीन जण एकाच जागी अडले तर त्या जागेतच दोष आहे. माणसे तिन्ही वेळा निराळी होती.

अशा पाहणीतून जे निघते ते बहुधा लहान असते. ‘अर्जदाराची सही’ हे शब्द रेघेच्या वर आहेत की खाली, यावरून सही वेगळ्याच जागी पडते. आवश्यक कागदपत्रांची यादी अर्जाच्या पाठीमागे असते, म्हणून माणूस खिडकीपाशी येऊन पोहोचल्यावर त्याला ती दिसते; ती पहिल्या पानाच्या माथ्यावर आणली तर एक हेलपाटा वाचतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने ठरावीक सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकास दिला आणि त्या सेवांची, मुदतीची व अधिकाऱ्याची माहिती फलकावर लावणे बंधनकारक केले. फलक बहुतेक ठिकाणी लागले आहेत. तो भिंतीवर कोणत्या उंचीला आहे, त्यापुढे कपाट आले आहे काय, आणि वाचण्यासाठी उभे राहावयाचे तर पाठीमागून रांग ढकलते काय, हे पाहणेही याच पाहणीत मोडते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संगणकावरून मिळू लागला. त्यामुळे मुंबईतील चाकरमान्याची गावची फेरी वाचली. तोच उतारा आता दोन टोकांना दोन जण वाचतात, एक तेथे फोनच्या पडद्यावर आणि एक येथे कागदावर, आणि फोनवरून एकमेकांस विचारतात, ‘तुझ्याकडे तिसऱ्या ओळीत काय आहे?’ पडद्यावरील आणि कागदावरील क्रम एकच असला पाहिजे, हे अशा वेळी कळते.

सातबाराचे रकाने बदलणे ग्रामपंचायतीच्या हाती नाही. तरी पाहणीत अडलेल्या जागा टिपून तो कागद तहसील कार्यालयाकडे पाठविणे तिच्या हाती आहे, आणि आपले अर्ज, पावत्या, नोटिसा व पाट्या तर सर्वस्वी तिच्याच आहेत. अशा पाहणीस वर्षातील दोन वेळा उत्तम: मे महिना आणि गणपतीचे दिवस. त्या आठवड्यात मुंबईकर भाऊ, माहेरी आलेली बहीण, गावची भावजय आणि पुतण्या एकाच पडवीत बसलेले असतात. पाच माणसे शोधण्यासाठी उंबरा ओलांडावा लागत नाही, आणि सामायिक उतारा देव्हाऱ्याशेजारच्या कपाटातून बहुधा कोणीतरी आधीच बाहेर काढलेला असतो.